आकसपट्टी

बीड थंड होताना आकसतं.
मीटरमागं दहा मिलिमीटर, हे पहिल्या दिवशी शिकवलं
हिंदुराव मिस्त्रींनी, उद्यमनगरात, भुशात उभं करून.
म्हणून आम्हा पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच लांब.
तिच्यावरचा मीटर
जगाच्या मीटरपेक्षा नखभर मोठा.

मार्चात कंपनीनं मेक्सिकोत भट्टी पेटवली.
शिरोलीत पेढे वाटले.
कुणी वाईट बोललं नाही, पेढे चांगले होते.

मग पॅटर्न जायला लागले.
पंपाची बॉडी, ब्रेकचा ड्रम,
एकोणीस वर्षं ज्याच्या कडा मी अंगठ्यानं तपासल्या ते सागवान
प्लास्टिकात गुंडाळून. पेटीवर बाण : ही बाजू वर.
लेक सासरी धाडल्यागत वगैरे काही वाटलं नाही.
पेटीला बारा खिळे लागले, तेवढे मोजले.

कोअर शॉप मेअखेर बंद.
मुजावर आता गांधीनगरात कापडाचे गठ्ठे उचलतो.
त्याचीच पोरगी तहसीन वरच्या मजल्यावर, एसीत,
रात्रपाळीला मेक्सिकोची ड्रॉइंगं तपासते. पगार बापाच्या दुप्पट.
एका घरातली एक नोकरी गेली, एक आली.
साहेबांच्या तक्त्यात हिशेब जुळतो.
मुजावर ताटावर बसतो तेव्हा जुळतो का,
ते त्यालाच विचारा.

साहेब म्हणतात, तिकडं वाढलो म्हणून इकडं टिकलो.
खोटं नसेल.
मशीन शॉपला तेवीस पोरं नवी घेतलीत, खरंच घेतलीत,
डबा खाताना मला सरकून जागा देतात.
माझं काम मात्र कुणी शिकायला येत नाही.

परवा दुसरी पाळी सुटताना तहसीन मोबाइल घेऊन खाली आली.
पडद्यावर रामिरो, तिकडचा सुतार.
त्याच्याकडं सकाळ. हातात माझा पॅटर्न, उलटा.
बोलला नाही. कडेवरनं अंगठा फिरवत नेला
आणि थांबला बरोब्बर तिथं,
जिथं मी एकदा घाईत पुट्टी भरून फट लपवली होती.
हसला गडी.
मीपण हसलो. काय करणार, सापडलो.

पट्टी कुठली वापरू, विचारतोय, तहसीन म्हणाली.
मी माझी वर धरली.
सांग त्याला, ही लांब असते.
ओतल्यावर किती उरणार, ते आधीच धरून केलेली.

पहिलं तिनं इंग्रजीत सांगितलं.
दुसऱ्याला अडली,
माझ्याकडं बघत राहिली.

राहू दे पोरी, म्हटलं.
निस्तं एक टक्का म्हण.