वापरलेल्याचा भाव

त्र्वा-रिव्हियेरच्या वखारीत दोन ढीग असतात.
उजवीकडे कोरी कातडी:
हिवाळ्यात सोललेली, चौकटीवर ताणून वाळवलेली,
केस राठ, भाव कमी.
डावीकडे अंगावरून उतरलेली.

नव्या माणसाला हे उलटं वाटतं.
मलाही वाटलं होतं, ला रोशेलहून आलो तेव्हा.
आमच्याकडे मेलेल्याचा सदरा
अर्ध्या किमतीत जातो, तोही धुऊन.
इथे दोन हिवाळे कुणीतरी अंगाशी धरलेलं,
घाम, अस्वलाची चरबी, चुलीचा धूर यांत मुरलेलं,
राठ केस झडून नुसती लव उरलेलं बीव्हरचं कातडं
दुप्पट.
पॅरिसच्या टोपीवाल्यांना तीच लव हवी.
कुणाच्या तरी पाठीनं दोन वर्षं केलेलं काम
त्यांना आयतं मिळतं.

मी वास घेऊन भाव लावतो.
अकरा वर्षं झाली. नाक हाच माझा तराजू.

होड्या लागल्या त्या दिवशी वाबानिक्वे आली,
नवऱ्याशिवाय.
पांघरूण काढून फळीवर ठेवलं:
सहा कातडी, हरणाच्या स्नायूच्या दोऱ्यानं जोडलेली.
मी नाक लावलं.
धूर. चरबी.
आणि डाव्या खांद्याच्या जागी, खोल,
आंबूस दूध.

मी वर पाहिलं.
तिच्या पाठीवर पाळण्याची फळी नव्हती.
मागच्या पानगळीत नदीकाठानं देवी येऊन गेली होती,
ते आम्हाला इथेही माहीत होतं.
कातडी किती कमी येतील
याचा अंदाजही मीच बांधून क्युबेकला पाठवला होता.

दुभाष्याची वाट न पाहता ती म्हणाली,
‘पातेलं. पितळेचं. मागचं गळकं दिलंस.’
मी एक बोट दाखवलं.
‘दक्षिणेला इंग्रज दोन देतात.’
‘मग जा दक्षिणेला.’
ती हलली नाही. माझ्या मागे रांग वाढत गेली.
शेवटी पातेलं, दहा सुया, हातभर लाल कापड
आणि वर एक आरी, रागानं दिलेली.
तिनं पातेलं कानाशी नेऊन टिचकी मारली,
नाद ऐकला, मग घेतलं.

वहीत दुधाला रकाना नाही.
मी लिहिलं: तेलकट, पहिली प्रत, नऊ पौंड.

त्या वर्षी राजाचं नाणं आलंच नाही.
जहाज बुडालं म्हणे, किंवा निघालंच नाही.
दिवाणसाहेबांनी शिपायांचे पत्ते गोळा करून
मागे सही ठोकली, लाखेचा शिक्का मारला,
आणि तोच पगार.
मला बदामच्या राणीचे दोन अर्धे मिळाले,
दोन वेगळ्या राण्यांचे, एकमेकांना न जुळणारे,
आणि इस्पिकचा गुलाम. तो मात्र अख्खा.
पाववाली गुलाम घेईना.
म्हणाली, कोपरा दुमडलाय.

पुढे टोपीची किनार आखूड झाली.
कुठल्या दरबारात, कुणाच्या डोक्यावर, कोण जाणे.
डावा ढीग आढ्याला टेकला. उंदीर माजले.
मग हुकूम आला: जाळा.
वखारीमागे आम्ही तीन दिवस जाळत होतो.
वारा गावाकडे फिरला तशा खिडक्या पटापट मिटल्या.
मी ओला रुमाल बांधून काठीनं ढोसत उभा.
तेलकट कातडं चटकन पेटत नाही, आधी घाम फुटतो त्याला.
वास वेगवेगळे करू नयेत म्हणून
मी तोंडानं श्वास घेत राहिलो.
वहीत लिहिलं: घट.

चौथ्या दिवशी वाबानिक्वे आली.
अंगावर आमचीच लोकरी घोंगडी, भिजलेली,
मेंढीचा वास मारत होती.
राखेकडे तिनं एकदा पाहिलं, विचारलं काही नाही.
पातेलं माझ्यासमोर उचलून धरलं.
तळाच्या भोकातून नदी दिसत होती,
नदीवर एक होडी, रिकामी, वर चाललेली.

‘बदलून दे,’ ती म्हणाली.