करंगळीपुरतं

चार्ल्सटनमध्ये, खेचराच्या गाडीत,
माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.
तिथे मी टोपी ठेवली.

गाडीवान थॅडियस घरं सांगत गेला:
हे तांदळाच्या व्यापाऱ्याचं, ते त्याच्या जावयाचं,
या व्हरांड्याचं छत निळं, कारण
भुतांना ते पाणी वाटतं, ती ओलांडत नाहीत.
खेचराचं नाव बिस्किट. त्यावर सगळे हसले.

घरं बांधली कोणी, ते त्याने सांगितलं नाही.
कोपऱ्यावर गाडी थांबवून
चाबकाच्या टोकाने एक वीट दाखवली फक्त.
ओल्या मातीत रुतलेली तीन बोटं
भट्टीत भाजून पक्की झालेली.
"विटा उलटायला गुलामांची पोरं असायची,"
मागच्या बाकावरचं कुणी हळूच म्हणालं.

मी उतरून हात लावला.
माझी करंगळीच तेवढी बसली.

दुपारी खाणावळीतल्या मुलीने विचारलं, "एकटेच?"
आणि समोरची ताटली, काटा, पेला
आवाज न करता उचलून नेला.
कोळंबी छान होती. तिखट बेताचं.

बाजारात मिस युलाली गवताची टोपली विणत होती,
चमच्याच्या मोडक्या दांड्याने वाट करत, टाका ओढत.
किंमत ऐकून मी टोपली खाली ठेवली.
"सहा आठवडे," ती म्हणाली, "आणि माझी आजी.
धरून तर बघा."
धरली. वजन असं नव्हतंच तिला.

संध्याकाळी बंदराच्या कठड्यावर बसलो,
भरती पायरी पायरी वर येत होती.
खिशातल्या तिकिटावर छापलेलं: प्रौढ, एक.
करंगळीच्या नखात लाल धूळ दिसली,
तेव्हा आठवलं,
जेवायच्या आधी मी हात धुतलाच नव्हता.