तीन मिलिमीटर

रेवणसिद्ध बिराजदार गाडी घेऊन आले
तेव्हा दुपारचे दोन, अक्कलकोट रोडचं डांबर
चप्पल सोडत नव्हतं.
म्हणाले, पुढच्या डिस्क मोठ्या टाका, वरच्या मॉडेलच्या.
पण चाकं हीच ठेवायची.
हीच. व्हीलकॅपसकट.

मी म्हटलं, चौदाच्या रिममध्ये तो कॅलिपर
म्हणजे धाकट्याच्या सदऱ्यात थोरला.
बसंल की, पण बटणं लावून बघावी लागतील.

ते हसले नाहीत.
चहावर साय धरली.
मग सांगितलं, तुकड्यातुकड्यानं:
दोन वर्षांखाली, तुळजापूरचा घाट उतरताना, पुढे उसाची ट्रॉली,
आणि पेडल मऊ,
लोण्यात पाय रुतावा तसं.
दुसरा गिअर, हँडब्रेक, जे हाताला लागेल ते.
ट्रॉलीच्या लाल फडक्यापासून वीतभर.
शेजारी बायको.
"झोपली होती ओ. तिला नाही कळलं.
नवी चाकं दिसली तर विचारंल, कशाला म्हणून."

आई माझी विड्या वळायची.
पत्र्याचा फर्मा तेंदूच्या पानावर टेकवून
कात्री फिरायची, डोळे भलतीकडे,
तोंडाने शेजारणीशी तेलुगूत भांडण.
पान मात्र पानासारखंच.

मी मिठाईच्या खोक्याचा फर्मा कापला:
कॅलिपरची पाठ, खांदा, मधलं कुबड.
चाकाच्या पोटात उभा धरून फिरवला.
एके ठिकाणी अडला,
कुणीतरी चिकटवलेलं बॅलन्सिंगचं शिसं, ते सरकवता येतं.
बाकी फेऱ्यात कुठे अडला नाही,
पण सुटलाही नाही नीट.

मग कणीक.
समोरच्या खानावळीतून, शांतव्वाकडून, लिंबाएवढा गोळा.
"खायला का गाडीला?"
"गाडीला."
"मग मीठ घालत नाही."

कॅलिपरवर थापली, चाक चढवलं, चारी नट आवळले,
हाताने एक फेरा, सावकाश.
चाक उतरवलं तर कणकेवरून
लोखंडाची जीभ फिरून गेलेली.
उरलेली जाडी मोजली. दीड.
तीन तरी हवी. लोखंड तापतं, फुगतं,
खड्ड्यात चाक वाकतं, आणि खड्डे आपल्याकडे
विचारून येत नाहीत.

इस्माईल म्हणाला, स्पेसर टाकू, पाच मिनिटांचं काम.
नको. नटाला आटे कमी उरतात.
दुनियेत काहीही उधार चालंल, आटे नाही.

कुबडाच्या टोकाला ओतकामाचा एक कोंभ होता,
कशालाच न लागणारा,
साच्यातून निघताना तसाच राहून गेलेला.
तो कानशीने घासत बसलो.
ग्राइंडर होता. कानसच घेतली.
दिवेलागणीला दुसरी कणीक.
तीन.
जरा कमीच म्हणा. पण तीन.

रात्री अकरानंतर मोकळा रस्ता बघून
साठवरून वीसवर, पुन्हा साठ, पुन्हा वीस,
दहा वेळा, पूर्ण न थांबता.
काचेतून नव्या पॅडचा वास आत आला,
कढईत शेंगा करपाव्यात तसा.
मग परतीला ब्रेक न लावता, नुसतं वारं खाऊ देत.
गॅरेजच्या दारात हलकं टेकवलं पाऊल.
गाडी उभी.

सकाळी आतून पुसताना रबरी मॅट उचलल्या.
उजवीकडची ठीक होती.
डावीकडच्या मॅटवर टाचेचा खड्डा,
आणि चवड्याच्या जागी रबर झिजून झिजून
खालचं कार्पेट उघडं पडलेलं,
जिथे कुठलंच पेडल नसतं.

बराच वेळ हातात धरली ती मॅट.

बिराजदार आले. गाडीभोवती चक्कर मारली,
गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
व्हीलकॅपच्या फटीतून बघितलं.
"कळत नाही ना काही?"
"बाहेरून नाही," मी म्हटलं.

मॅट होती तशीच ठेवली होती.
बिलात कणीक लावली नाही.