काळा दगड

अदेरितोने अख्खा जन्म गुडघ्यांवर काढला,
लिस्बनच्या फुटपाथांवर
पांढऱ्यात काळा दगड ठोकत,
लाटा काढत.
सपाट. हवं तर पाणसळ लावून बघा.

आता त्याच चौकात तो काठाशी थांबतो
आणि बुटाच्या टोकाने काळं चाचपतो,
विहिरीत पाय सोडावा तसा.
"इथे खोल आहे."
मी त्याचा जुना शागीर्द, मी काय सांगणार
की उस्ताद, हा तळ तुम्हीच बसवलाय.

हाताचा कंप गोळीने निवतो. हे नाही.
कपाचा कान धरायला जातो,
मूठ हवेवरच मिटते.
एर्मेलिंडाने जिन्याच्या कडा पिवळ्या रंगवल्या.
डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.
तो चिडला: मग खोटं कोण दाखवतंय?

काल औषधाच्या दुकानाच्या दारात
पाय जमिनीला चिकटले.
मागे माणसं खोळंबली, कुणी घसा खाकरला.
मी खिशातला खडू काढून
फरशीवर आडवी रेघ ओढली,
मग दुसरी, मग तिसरी.

पहिली त्याने ओलांडली.
दुसरीपाशी थबकला, वाकून बघितलं,
"वाकडी आहे," म्हणाला
आणि तिसरीपलीकडे पाय टाकला.