सुरईचा कान

गावात शिरताच पहिली भेटली ती कबर.
भर रस्त्यात, न्हावी आणि पाववाल्याच्या मधोमध,
दगडी, पुरुषभर उंच, झाकण पालथ्या होडीसारखं.
आतलं माणूस केव्हाच नाहीसं झालेलं;
चोरांनी पाडलेल्या भोकात मांजर व्यालीय.
टेम्पो वळसा घालतात, हॉर्न न वाजवता.

खोलीची मालकीण नेरिमान चहा ओतताना म्हणाली,
वर ते नाटकघर आहे ना, समुद्राकडे तोंड करून,
त्याच्या पायऱ्यांवर आम्ही अंजिरं वाळत घालायचो.
आता सरकारची पाटी आहे. बसा म्हणे. वाळवण नको.
जसं काही बसून बसून माणूस वाळत नाही.

धक्क्यावर तिचा नवरा, साफेत.
स्पंज काढायचा एके काळी,
रबरी नळीतून हवा ओढत, चाळीस मीटर खाली.
मी नमस्कार केला, तो हलला नाही.
मग खुर्चीच्या उजव्या अंगाला बोट दाखवलं:
इकडून बोल. डावीकडे समुद्र आहे.

मुलगा तुनजाय आता पाहुण्यांना बुडवतो.
बोटीवर त्यानं नियम सांगितले,
मोडकं इंग्रजी, उरलेलं हातांनी:
श्वास कोंडायचा नाही.
वर यायची घाई करायची नाही.
खालचं काही उचलायचं नाही, खापरीसुद्धा.
आणि हे सांगताना
त्याचा एक हात सारखा जाकिटाच्या खिशावर.

सहा मीटरवर माझा कान ठणकला.
नाक दाबलं, फुंकलं; काही नाही.
त्यानं खूण केली, थोडं वर, पुन्हा, सावकाश.
हट्टी पोराला घास भरवावा
तसा त्यानं मला समुद्र भरवला.
मग आत कुठंतरी कडी निघाली.

अठरा मीटर. वाळूत सुरया.
एका जहाजाचा संसार कलंडलेला,
तेल होतं की दारू, कुणाला ठाऊक;
आता प्रत्येकीत एक मासा भाडेकरू.
बहुतेकींना दोन दोन कान.
एकीला एकच.

तुनजायनं खिसा उघडला.
फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी,
मुठीएवढं, मातकट, वाकलेलं.
तुटल्या जागेशी धरून पाहिलं.
नाही बसलं. कड झिजली होती,
वर्षानुवर्षं कुणी अंगठा फिरवत बसलं असेल.
त्यानं ते शेजारीच ठेवलं.
वाळू थोडी उडाली, बसली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी न पाहिल्यासारखं पाहिलं.

वर आलो तेव्हा साफेत तिथंच.
विचारलं काहीच नाही.
तुनजायनं उजवीकडून वाकून एक शब्द सांगितला.
म्हातारा मान हलवत राहिला,
रिकामा अंगठा तर्जनीवर घासत.

संध्याकाळी नेरिमान भांडी विसळत म्हणाली,
कपाटात होता तो कान, आमच्या लग्नाच्या आधीपासून.
ज्या दिवशी तो आणला, त्याच दिवशी ह्यांचा गेला.
समुद्र उधारी ठेवत नाही, असं ह्यांचं म्हणणं.
माझं म्हणणं, नळी वाईट होती.

रात्रभर माझ्या कानात पाणी.
मान कलती करून एका पायावर उड्या मारल्या.
खिडकीखाली मांजर, तिची पोरं, कबर.
पहाटे केव्हातरी उशीवर
एक कोमट थेंब उतरला
आणि पाववाल्याचं शटर वर गेलं,
खडखडत,
दोन्ही कानांत.