तालात चालू नये

गणपतीला अजून पाच आठवडे,
आणि रात्री नऊ चाळीसला माझ्या आलेखावर
रोज एक टेकडी उगवते.
सात नंबरचा सेन्सर, पुलाच्या मधोमध,
खाली मुठा, म्हणजे जलपर्णी आणि थोडंसं पाणी.

आधी वाटलं, वारा.
पण वारा असा वक्तशीर नसतो, पुण्यातलासुद्धा.
मग वाटलं, मेट्रो.
मेट्रोची थरथर बारीक असते,
मांडणीवरून उंदीर गेल्यासारखी.
ही वेगळी. सेकंदाला दोन हेलकावे, जरा कमीच,
आणि नेमक्या याच आकड्याला
आमचा पूल ओ देतो.

गेलो बघायला.
चाळीसेक पोरंपोरी, खांद्याला ढोल,
पत्र्याच्या शेडमधला सराव संपवून घरी निघालेली.
वाजवत कुणीच नव्हतं.
फक्त पाय एकदम पडत होते,
डावा, उजवा, डावा,
आणि पायांखाली एकशे साठ मीटर लोखंड
झोपेतल्या पोरासारखं कूस बदलत होतं.

पथकाची प्रमुख मृण्मयी ढमढेरे.
(आडनावाला माझा इलाज नाही.)
म्हणाली, "ढोल तर गप्प आहेत, काका."
मी म्हटलं, "कठड्यावर हात ठेव."
तिनं ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.
"हा आमचा ठेका ओळखतो?"
"ओळखतो ना. तीच तर पंचाईत आहे."

पण रात्री जुन्या नोंदी उघडल्या तर
गेल्या वर्षीही हेच पथक, हीच वेळ,
आणि टेकडी नाही.

सकाळी शिकलगार मामू पाळण्यात बसून
पुलाच्या पोटाखाली गेले.
तिथे स्प्रिंगांवर सहाशे चाळीस किलोचा ठोकळा टांगलाय.
त्याला एकच काम : पूल वर, तर आपण खाली.
"आमच्याकडे हे थोरली आपा करायची," मामू म्हणाले,
"अब्बा तापले की ती गार."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग खालून आवाज आला,
"साहेब, सील गेलंय. सगळं तेल नदीत."

नवं सील चाकणहून, तीन आठवडे.
तोवर पाटी. माझा मसुदा अकरा ओळींचा,
त्यात अनुनाद, वारंवारिता, जनहित.
मामूंनी रंगाचा डबा घेतला आणि लिहिलं :
पुलावर तालात चालू नये. हुकमावरून.

लोक फोटो काढून गेले.
पथकाला मात्र ते जमेना.
दोन वर्षं घोटून घोटून पायात बसवलेलं
कसं काढायचं?
कुणी उलटे आकडे मोजत चालला,
कुणी भेळ खात,
एक जोडी मुद्दाम भांडत,
आणि तरी मध्यावर येईतो
चाळीस डावे पाय पुन्हा एकत्र.
मृण्मयी ओरडायची, "बेताल! अरे, बेताल!"
आयुष्यात पहिल्यांदा ओरडत असावी हे.

सील बसलं. टेकडी मावळली.
आलेख सपाट मात्र नाही, कधीच नसतो.
सपाट रेघ दिसली की मी आधी वायर तपासतो.

पाटी काढायची राहून गेली.
विसर्जनानंतरच्या मंगळवारी, सात नंबरवर,
नऊ चाळीसला,
एकाच माणसाची पावलं :
एक लांब, दोन आखूड, एक थांबून,
मग उगाच एक उडी.
ढोल नाही, पथक नाही, मागे कुणी नाही.
पूल दुरुस्त झालाय हे
मी तिला अजून सांगितलेलं नाही.