रकाना सात

केप्याच्या हायर सेकंडरीत, अकरावी ‘क’मध्ये
दुसऱ्या तासाला मी फॉर्म घेऊन गेले.
चोवीस तासांत तोंडात काय काय गेलं, ते विचारायचं.
रकाना सात : पालेभाज्या. रकाना आठ : फळं, सालीसकट की सोलून.
रकाना नऊच्या डोक्यावर कुणीतरी छापून पाठवलेलं :
‘वनस्पतीजन्य रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये’.
तुरट म्हणजे काय, जोस्विननं विचारलं.
म्हटलं, काजूचं कच्चं बोंड चावल्यावर जिभेचं होतं ते.
मग तसंच छापायचं ना, मिस.

कुठले कुठले रंग खाल्लेत काल?
पिवळा. चिप्स.
केशरी. चीजचे गोळे, बोटं पुसली तरी जात नाही.
लाल, सॉस. हा रोस आमलेटवरसुद्धा सॉस घालतो, मिस!
वर्ग हसला. मीही हसले.
माझ्या पिशवीत मडगावच्या स्टँडवर घेतलेलं
अर्धं पाकीट होतं, रबर लावून.

सोलकढी भाजीत धरायची की पाण्यात?
मागच्या यादीत सोलकढी नव्हती.
खतखतें नव्हतं. तिरफळ नव्हतं.
हळदीचं पान नव्हतं,
ते खात नाहीत मिस, त्याचा नुसता वास खातात.
ब्लूबेरी होती. सांकेतिक क्रमांक एकतीस.
मी पेन्सिलीनं समासात लिहीत गेले
आणि समास भरला.

शेवटच्या बाकावर वनिशा वेळीप.
तिचा रकाना सात कोरा.
म्हटलं, अगं, डोंगराच्या पायथ्याशी घर तुझं, जुलै महिना,
दारात ताकळा असेल, वईवर फागलां असतील.
आहेत की, ती म्हणाली.
रात्री आईनं नि मी पंचवीस जुड्या बांधल्या.
सकाळी सहाच्या बसनं मडगावला गेल्या.
वीस रुपये जुडी. फागलां वाट्यावर, पन्नास.
बंगल्यांतल्या बायका घेतात, त्यांना डॉक्टरनं सांगितलंय.
आणि घरी?
घरी नूडल्स. भाऊ दुसरं काही खात नाही.
जुडी उरली तर शिजवतो.
परवा एकसुद्धा उरली नाही.
हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता,
धंदा चांगला झाला होता.

मी लिहिलं : नाही.
‘नाही’ला शून्य, असा नियम आहे.

फॉर्म परत देताना तिचा हात जवळ आला.
नखांच्या कडांना हिरवं,
तर्जनीवर केळीच्या सोपटाचा वळ.
हातांतून किती गेलं
हे विचारणारा रकाना नव्हता.

संध्याकाळी मडगावात उतरले.
बाजाराच्या कोपऱ्यावर एक बाई गोणपाट झटकत होती.
ताकळ्याच्या दोन जुड्या उरल्या होत्या, माना टाकलेल्या.
वेळीप का तुम्ही, असं ओठांवर आलं होतं.
विचारलं नाही.
वीसची नोट मुठीत होती, ती तशीच राहू दिली,
उरली तर शिजवतात.
दोन्ही घे, वीसला, बाई म्हणाली.
नको.
पंधरा.
नको हो, राहू दे, घरी घेऊन जा.
तिला वाटलं मी भाव पाडतेय.
दहा दे, ती म्हणाली, माझी बस सुटेल.
मी चालायला लागले.
मागून तिचा आवाज आला, चिडका, दमलेला :
घरी नेऊन काय करू गे?
पोरं खात नाहीत.